रिकाम्या जागेचं तापमान

भुताखेतांच्या अनुभवांच्या या ग्रुपवर नियमित येणाऱ्यांना माझं नाव ओळखीचं असेल, आणि ते काही चांगल्या कारणानं नाही. कुणी लिहिलं की घाटात पांढऱ्या साडीतली बाई दिसली, तर खाली "गाडीच्या हेडलाइटचा कोन काय होता?" असं विचारणारा तो मीच. कुणाला वारलेल्या काकांच्या नंबरवरून फोन आला तर "कंपनीनं नंबर दुसऱ्याला दिला असेल, जरा चौकशी करा" हेही माझंच. खवचटपणा माझ्या अंगातच आहे म्हणा ना. त्यामुळे आज मी स्वतः अनुभव लिहायला बसलोय हे बघून काही जण पोट धरून हसतील. हसून घ्या. मग वाचा.

मी फर्मवेअर लिहितो. म्हणजे काय ते थोडं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळायचं नाही. तुमचे फोटो, बँकेचे व्यवहार, रेल्वेची तिकिटं, हे सगळं ज्या मोठ्या सर्व्हरांवर चालतं, त्या प्रत्येकाच्या पोटात एक छोटासा वेगळा कॉम्प्युटर असतो. मोठा झोपला तरी हा जागा. पंखे फिरतायत का, वीज नीट येतेय का, कुठं काही तापलंय का... एवढंच बघायचं. शेतावरचा राखणदार समजा. त्याला चालवणारा, त्याच्यातच बसवलेला प्रोग्राम म्हणजे फर्मवेअर. या राखणदाराला तापमान कळावं म्हणून सर्व्हरच्या सर्किट बोर्डावर तिळाएवढे सेन्सर बसवलेले असतात, आणि त्या सेन्सरशी बोलायचं कसं हे शिकवणारा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. हे ड्रायव्हर आधी बंद असतात. ज्या बोर्डाला जो लागेल तो आम्ही चालू करायचा, आणि कुठला सेन्सर कुठल्या पत्त्यावर राहतो याची यादी लिहून द्यायची. ड्रायव्हर त्या पत्त्यावर जाऊन हाक मारतो, सेन्सर ओ देतो, आकडा सांगतो. संपलं. आता सांगा, यात भुताखेताला जागा कुठाय?

तर गाव आमचं अंथुर्णे. बारामतीहून इंदापूर रोडनं निघालात की लासुर्णे, मग जंक्शन नावाचं गाव, आणि मग आम्ही. वडील वालचंदनगरला कंपनीत होते, त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. घरी आई एकटी. माझं बिऱ्हाड पुण्यात, बायको आणि मुलगा. त्या उन्हाळ्यात मात्र मी 'वर्क फ्रॉम होम' मागून घेतलं आणि गावी येऊन बसलो, कारण धाकटी बहीण रोहिणी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. दाजी लष्करात, पार तिकडं सीमेवर. वेळेला गाडी काढायला घरात कुणीतरी पुरुषमाणूस हवा, असं आईचं म्हणणं. मला वाटतं तिला खरं म्हणजे मी हवा होतो, पण तसं ती सरळ म्हणायची नाही.

आईनं मागची पत्र्याची खोली बाळंतिणीसाठी तयार केली होती. बाज, बाजेखाली शेगडी, कोपऱ्यात गोवऱ्या, बरणीत ओवा आणि बाळंतशेपा, दोरीवर जुन्या लुगड्यांची धुतलेली दुपटी... सगळं जय्यत. मी म्हणालो, आई, चैत्राच्या उन्हात शेगडी? माणसं पत्र्याखाली नुसती बसली तरी भाजून निघतायत. तर म्हणे, तुला काय कळतंय, बाळाला आईच्या पोटातली ऊब बाहेर मिळायला नको का.

पण रोहिणीचे दिवस भरायच्या कितीतरी आधीच कळा सुरू झाल्या. बारामतीला एका खासगी दवाखान्यात नेलं. मुलगी झाली. आणि एवढीशी! तिचं डोकं माझ्या तळहातावर ठेवलं असतं तर पाय कोपरापर्यंतही पोचले नसते. तिला लगेच आत नेलं. गावाकडं याला "पेटीत ठेवलंय" म्हणतात, पण ती काही बंद पेटी नव्हती. खाली गादी, वर हीटर, आणि पोराच्या पोटाला चिकटपट्टीनं लावलेला एक सेन्सर. तो अंगाचं तापमान सांगतो, त्यावरून मशीन हीटर कमी-जास्त करतं. डॉक्टर म्हणाले, एवढ्या लहान बाळाला स्वतःच्या अंगाची ऊब धरून ठेवता येत नाही. अंग गार पडलं की श्वास, साखर, सगळंच बिघडतं. औषधं चालू आहेत, पण पहिले काही दिवस खरी लढाई ऊब टिकवायची आहे. छत्तीस-साडेछत्तीस. त्याच्याखाली जाता कामा नये.

हे ऐकून मला खरं सांगायचं तर थोडा धीर आला. सेन्सर, हीटर, आकडा... ही माझ्या ओळखीची दुनिया. काचेबाहेर उभा राहून मी त्या स्क्रीनकडं बघत बसायचो. सिस्टरांना इतके प्रश्न विचारले की एक दिवस त्या म्हणाल्या, "तुम्ही मशीन विकायला आलाय का?"

रोहिणी दवाखान्यातच दुसऱ्या मजल्यावर होती. पोरीला तिनं अजून नीट पोटाशी धरलंही नव्हतं. हात धुवायचे, गाऊन घालायचा, आत जाऊन बोट लावायचं, परत यायचं. एवढंच. ती रडायची नाही, नुसती गप्प बसून असायची, आणि तिचं ते गप्प बसणं मला बघवायचं नाही.

इकडं माझं काम थांबलं नव्हतं. डेडलाइन तर माझ्या पाचवीलाच पुजलेली. नवीन सर्व्हरचा बोर्ड कंपनीनं घरी पाठवला होता आणि त्याचे तापमानाचे ड्रायव्हर मला चालू करून द्यायचे होते. रोहिणीची खोली तशीही रिकामी होती आणि नेटवर्क तिथंच बरं यायचं, म्हणून मी टेबल तिकडं टाकलं. बाजेवर लॅपटॉपची बॅग, गोवऱ्यांशेजारी यूपीएस. आईनं बघितलं आणि दुपट्यांची दोरी जरा बाजूला सरकवली.

या बोर्डावर तीन सेन्सर होते. एक हवा आत येते तिथं, एक प्रोसेसरपाशी, एक हवा बाहेर जाते तिथं. जुन्या बोर्डावर चार असायचे. चौथा नव्या डिझाइनमध्ये काढून टाकलेला, पण त्याची जागा बोर्डावर तशीच राहिलेली. सेन्सर डकवायचे चकचकीत डाग दोन ओळींत, वर काही नाही. आता आमच्या धंद्यातली एक गंमत सांगतो. कोरी पाटी घेऊन नवी यादी कुणी लिहीत नाही. जुन्या बोर्डाची यादी उचलायची, नव्याला चिकटवायची आणि नको त्या ओळी उडवायच्या. सगळे हेच करतात, कबूल कुणी करत नाही. मीही तेच केलं, आणि चौथी ओळ उडवायची राहून गेली. डोकं दवाखान्यात होतं, दुसरं काय. तसं यात नुकसान काही नसतं. ड्रायव्हर त्या पत्त्यावर जाऊन हाक मारतो, कुणी ओ देत नाही, एक लाल ओळ येते, 'या पत्त्यावर कुणी नाही', आणि गाडी पुढं जाते.

पोरीच्या पाचवीचा दिवस आला. आईनं सकाळीच सांगितलं की तिन्हीसांजेला पूजा करायची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी... पाचव्या दिवशी सटवाई येते आणि बाळाचं नशीब लिहून जाते, असं मानतात. पाटा मांडायचा, वरवंट्याला हळदीकुंकू लावायचं, नैवेद्य, दिवा, आणि पुढं कोरा कागद नि पेन. तिला लिहायला. माझं डोकंच फिरलं. मी म्हणालो, बाळ दवाखान्यात, बाळंतीण दवाखान्यात, सोयर म्हणून देवघर बंद, आणि इथं तू पूजा कुणाची मांडणार?

आई पाटा धूत होती. मान वर न करता म्हणाली, "तिला यायला जागा नगं व्हय? पोर कुठं बी जन्मू दे. खोली तर हीच हाय."

झालं. माझ्याच टेबलाच्या पायाशी पाटा मांडला. बाळाचं काहीतरी हवं म्हणून मी दुपारी दवाखान्यातून आणलेल्या धुण्यातलं एक दुपटं काढलं, ते पोरीच्या अंगाला लागलेलं होतं. आईनं ते घडी करून टेबलावर ठेवलं, अगदी बोर्डाला खेटून. कागद ठेवला, पेन माझंच. मी म्हणालो, पेनानं कुठं लिहीत बसेल बिचारी, टाइप कर म्हणावं, लॅपटॉप चालूच आहे. आईनं माझ्याकडं बघितलं नुसतं. तिचे डोळे भरलेले होते. मला चेष्टा आवरायला हवी होती, पण घाबरलो की माझी जीभ अशीच सुटते.

दिवा लागला, आईनं हात जोडले. मी आपला खुर्चीत. नवं फर्मवेअर तयार झालं होतं, ते बोर्डावर चढवलं आणि बोर्ड सुरू केला. पहिला सेन्सर, चाळीस. दुसरा, एकोणपन्नास. तिसरा, चव्वेचाळीस. वर पत्रा दिवसभर तापलेला, तेव्हा आकडे बरोबरच होते. आणि खाली चौथी ओळ.

छत्तीस पूर्णांक चार.

मला आधी हसूच आलं. म्हटलं, यादीतली ओळ उडवायची राहिली वाटतं. मग लक्षात आलं की राहिली असली तरी तिथं लाल एरर यायला हवी, आकडा नाही. आणि मग दुसरी गोष्ट लक्षात आली, ती जास्त वाईट होती. भिंतीवरच्या घड्याळात खोलीचं तापमान दिसतं. ते अडतीस होतं. अडतीसच्या खोलीत, चालू असलेल्या तापत्या बोर्डावर, कुठलीही वस्तू छत्तीसवर राहूच शकत नाही. भाकरी तव्यावर टाकलीय आणि ती तव्याच्या शेजारच्या हवेपेक्षा गार आहे, असं कुणी म्हणेल का?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगातला सगळा खवचटपणा त्या चौथ्या ओळीवर काढला. भिंग घेऊन बोर्ड बघितला. जागा रिकामी. ड्रायव्हर चालू करायच्या आधीचं फर्मवेअर टाकलं, ओळ गेली. नवं टाकलं, ओळ आली. दुसऱ्या कुठल्या सेन्सरचा आकडा चुकून इथं उमटत असेल म्हणून हेअर ड्रायर आणून बोर्डावर गरम हवा सोडली. तिन्ही सेन्सर भराभर चढले. चौथा जागचा हलला नाही. शेवटी पुण्याला स्मिता मॅडमना फोन केला. हा बोर्ड त्यांच्याच टीमनं डिझाइन केलेला. त्यांनी आधी मला वेड्यात काढलं, मग फोटो मागितले. म्हणाल्या, पॉवर पूर्ण काढ, जरा थांब, परत लाव. तेही केलं. चौथी ओळ परत आली. "अरे, पण वाचतोय कुणाला तो?" एवढंच त्या म्हणाल्या. मलाही तेच विचारायचं होतं.

दुपारी दवाखान्यात माझी पाळी होती. घरचा बोर्ड मला मोबाइलवरून दिसायचा, तेवढी सोय मी केलेली होती. काचेबाहेर उभा राहिलो आणि सहज, अगदी सहज म्हणून मोबाइल उघडला. चौथी ओळ, छत्तीस पूर्णांक पाच. मान वर केली. काचेपलीकडं पोरीच्या स्क्रीनवर छत्तीस पूर्णांक पाच.

योगायोग. अहो, छत्तीसच्या आसपास जगातल्या सगळ्या माणसांचं अंग असतं. मी स्वतःलाच खाली कमेंट लिहीत होतो. तेवढ्यात सिस्टर आल्या आणि पोरीचं दुपटं बदलायला त्यांनी तिला उघडं केलं. स्क्रीनवरचा आकडा किंचित उतरला. मी मोबाइलकडं बघितलं. तोही उतरला. दुपटं गुंडाळलं, हीटर वाढला, दोन्हीकडं आकडा हळूहळू वर. मी तसाच उभा. अंगावर सरसरून काटा आला, पण भीतीनं नाही हो. तेहतीस-चौतीस किलोमीटरवर एका पत्र्याच्या खोलीत, जिथं सेन्सरच नाही अशा जागेवर, माझ्या भाचीची ऊब येऊन बसली होती. मला एवढंच वाटलं की आपण फार मोठ्या कशाच्या तरी दारात उभे आहोत आणि आपल्या पायात चपला आहेत. खरंच सांगतो, मी त्या कॉरिडॉरमध्ये चपला काढल्या. मागचे एक आजोबा विचारायला लागले, बाबा, आत जायची पाळी तुझी हाय का.

मी कुणाला काही बोललो नाही. बोलणार काय, आणि कुणाला? फक्त त्यानंतर त्या बोर्डाला मी हात लावला नाही. दुपटंही जागचं हलवलं नाही.

त्यानंतर एक-दोन दिवसांनी, भर दुपारी. आई जेवायची ताटं वाढत होती. मी टेबलाशी. नजर आपोआप चौथ्या ओळीवर जायची तशी गेली, आणि आकडा छत्तीस पूर्णांक एक. मला वाटलं दुपटं बदलत असतील. थांबलो. पस्तीस पूर्णांक नऊ. परत थांबलो. पस्तीस पूर्णांक सात. वर यायचं नाव नाही.

रोहिणीला फोन लावला. म्हणालो, जरा खाली जाऊन पोरीचा स्क्रीन बघून ये. काय झालं दादा, म्हणून ती घाबरली. मी म्हणालो काही नाही, बघून ये. ती गेली, हात धुतले असतील, गाऊन घातला असेल... इकडं पस्तीस पूर्णांक पाच. ती परत फोनवर आली. स्क्रीनवर छत्तीस पूर्णांक सहा आहे, सगळं चांगलं आहे, झोपलीय शांत.

आता मी काय करायचं? एका बाजूला दवाखान्याचं मशीन, खरा सेन्सर, खऱ्या पोराच्या अंगावर. दुसऱ्या बाजूला एक रिकामी जागा. मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो की मोजलेल्यावर विश्वास ठेवा. तुम्ही कुणी मला विचारलं असतं तर मी बिनदिक्कत म्हणालो असतो की मशीन खरं. पण आमच्या धंद्यातली आणखी एक गोष्ट मला त्या क्षणी आठवली. सेन्सर खोटं बोलत नाही, पण तो ज्याला टेकलेला असतो त्याचंच सांगतो. तुम्हाला वाटतं त्याचं नाही.

मी म्हणालो, "रोहिणी, स्क्रीन बघू नको. परत आत जा आणि तिच्या तळपायाला हात लाव. आणि गार लागला तर सिस्टरला ओढून आण. माझ्यासाठी जा."

ती काही न विचारता गेली. फोन तिनं बाहेर ठेवला असणार, कारण नुसता कॉरिडॉरचा आवाज येत होता, मग तोही बंद झाला. तिच्याकडून परत काहीच नाही. आणि माझ्यासमोर पस्तीस पूर्णांक तीन.

आई दारात ताट घेऊन उभी होती. माझं तोंड बघून तिनं ताट खाली ठेवलं. तेव्हा मी तिला पहिल्यांदा सांगितलं. कसं सांगितलं आठवत नाही, पण टेबलावरचा हा आकडा म्हणजे बहुतेक पोरीच्या अंगाचा आहे आणि तो उतरतोय, एवढं सांगितलं. मला वाटलं ती घाबरेल, देवाचं नाव घेईल, नाहीतर मलाच वेड्यात काढेल. तिनं फक्त विचारलं, "कुठल्या जागंवर हाय?"

मी बोट दाखवलं. दोन ओळींत चकचकीत डाग, वर काही नाही. चालू बोर्डाला कुणी उघड्या हातानं शिवलं तर मी एरवी ओरडतो, माझ्या मुलानंही त्याबद्दल बोलणी खाल्लीत. आईनं पदराला हात पुसला आणि तळहात त्या जागेवर अलगद ठेवला, ताप बघायला कपाळावर ठेवतात ना, तसा.  पस्तीस पूर्णांक दोन, मी मोठ्यानं वाचलं. पस्तीस पूर्णांक दोन. परत दोन. आईचे ओठ हलत होते, पण ती काय म्हणत होती ते मला ऐकू आलं नाही, आणि मी आजवर तिला विचारलेलं नाही.

मग पस्तीस पूर्णांक तीन.

आम्ही दोघं त्या आकड्याकडं बघत होतो. तो इतका सावकाश चढत होता की मध्ये मध्ये वाटायचं अडकला. पस्तीस पूर्णांक पाच. पूर्णांक सहा. मी एकेक आकडा आईला वाचून दाखवत होतो. वर पत्रा ताडताड वाजत होता उन्हानं, पाठीवरून घाम, आणि मला काही म्हणजे काही जाणवत नव्हतं. इतकी सुंदर गोष्ट मी पडद्यावर कधी बघितलेली नाही. नुसते आकडे. पूर्णांक आठ. पूर्णांक नऊ. छत्तीस झाले तेव्हा आईनं हात काढला आणि ती तिथंच बाजेवर बसली.

नंतर रोहिणीचा फोन आला. ती रडत होती, इतक्या दिवसांचं एकदम.

"दादा, पाय गार हुतं... बर्फागत," ती म्हणाली. "पट्टी सुटली हुती. सिस्टरनी तिला माझ्या छातीवर ठिवलंय, उघडीच. माझ्यापाशी हाय ती आता. हलतिया."

झालं होतं ते असं. पोटावरची पट्टी निसटली होती आणि दुपट्याच्या घडीवर, वरच्या हीटरच्या समोर उताणी पडली होती. सेन्सर हीटरच्या उबेनं छान गरम. मशीनला वाटलं पोर गरम आहे, म्हणून त्यानं हीटर कमी केला. पोर आपली गार पडत चाललेली, आणि स्क्रीन हसतमुख. यात कुणाचा दोष म्हणावा असं नाही. एवढ्याशा ओल्या कातडीवर पट्टी टिकतच नाही, सिस्टरांची पुढची फेरी व्हायचीच होती. पण डॉक्टर संध्याकाळी मला म्हणाले की तोवर थांबलो असतो तर सांगता येत नाही. आणि मग त्यांनी विचारलं, तुमच्या बहिणीला पाय बघायचं सुचलं कसं? मी म्हणालो, आईनं सांगितलं. दुसरं काय सांगणार होतो त्यांना?

आणि हो, तुम्ही लिहायच्या आत मीच लिहितो. आईनं हात ठेवला आणि तिकडं सिस्टरांनी पोरीला उचललं, या दोन गोष्टी साधारण एकाच सुमाराला झाल्या असणार. तेव्हा आकडा कशानं थांबला, यावर मी काहीही म्हणत नाही. सेन्सर नसलेल्या जागेवर मुळात आकडाच का होता, यावरही नाही.

पोर सुधारली. मग एक दिवस घरी आली. दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, आईनं तिला घेतलं आणि सरळ मागच्या खोलीत नेलं. मी त्यांच्या मागोमाग आत गेलो, पडद्याकडं बघितलं. तीन सेन्सर, तीन आकडे. चौथ्या जागी लाल ओळ, 'या पत्त्यावर कुणी नाही'. सकाळी तिला आणायला निघालो तेव्हा तिथं छत्तीस पूर्णांक सहा होतं. पाचवीचा कागद कोराच होता, तो आईनं घडी करून पोरीच्या उशाखाली ठेवला. मी आईला म्हणालो, गेलं बघ ते. ती दुपटं झटकत म्हणाली, "मग? पोर आली की घरला. आता तितं कशाला बसंल?"

काम पुढं गेलं. फर्मवेअर कंपनीला दिलं तेव्हा त्यातून चौथी ओळ मी रीतसर काढून टाकली. स्मिता मॅडमनी तपासताना विचारलं, तो प्रकार शेवटी काय निघाला रे? मी म्हणालो, आता येत नाही. त्या म्हणाल्या, म्हणजे सापडलं नाही. मी म्हणालो, नाही.

पण तो बोर्ड कंपनीनं परत मागितला नाही, आणि त्याच्यातली यादी मी तशीच ठेवलीय. चौथ्या ओळीसकट. अंथुर्ण्यात त्या खोलीत तो चालूच असतो, यूपीएसवर. आई विजेच्या बिलावरून कशालाही बोलते, याला बोलत नाही. आर्वी, म्हणजे आमची भाची, आता धावते, चावते, शेजारच्या शेरडांना छळते, आणि सध्या वडिलांच्या छावणीत कुठंतरी लांब उत्तरेला असते.

तेव्हा विचारा मला आता, हेडलाइटचा कोन काय होता ते. मी तपासायचं ते सगळं तपासलं, ज्यांना विचारायचं त्यांना विचारलं. माझ्याकडं फक्त एक सवय आहे. रोज सकाळी चहाच्या आधी मी मोबाइल उघडतो, गावच्या बोर्डाची चौथी ओळ बघतो, तिथं लाल अक्षरात 'कुणी नाही' असं वाचतो, आणि मग मला चहा गोड लागतो.